नवी पिकअप डावीकडे ओढते, स्टेअरिंग थरथरतं, परत येत नाही: काय तपासायचं, काय लिहून घ्यायचं

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. गाडी नवी, डावीकडे ओढते, साठ-सत्तरच्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं, वळण घेतल्यावर आपणहून सरळ होत नाही. सर्व्हिस सेंटरवाले दरवेळी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करतात आणि ‘पिकअपचं असंच असतं’ म्हणून गाडी हातात देतात. असं अजिबात नसतं. हप्ते तुम्ही भरताय, सेलूच्या मोंढ्यातून माल भरून रात्री-अपरात्री तुम्ही निघताय. स्टेअरिंगच्या दोषाची सवय करून घ्यायची नसते, तो काढून घ्यायचा असतो.

पहिलं काम म्हणजे या तीन तक्रारी वेगळ्या करा. ‘स्टेअरिंग खराब आहे’ असं सांगितलं की जॉब कार्डवर (सर्व्हिसच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) ‘स्टेअरिंग चेक’ एवढंच लिहिलं जातं आणि गाडी पुन्हा अलाइनमेंटच्या मशीनवर चढते. ओढणं, थरथरणं आणि परत न येणं या तिन्हींची मुळं बहुतेक वेळा वेगवेगळी असतात.

आधी ओढण्याचं बघू. आपले डांबरी रस्ते पाणी निघून जावं म्हणून मध्ये उंच आणि कडेला उतरते केलेले असतात, मीटरला साधारण दोन सेंटिमीटर. आपण डावीकडून चालतो, म्हणून स्टेअरिंग सोडलं की कुठलीही गाडी थोडी डावीकडे जातेच. म्हणून ट्रायल सेलू-पाथरी रस्त्यावर घेऊन काही ठरत नाही. सुट्टीच्या दिवशी मोंढ्याचं किंवा जिनिंगचं काँक्रीटचं सपाट आवार रिकामं मिळालं तर तिथे हळू वेगात बघा. तिथेही डावीकडेच जात असेल तर दोष गाडीत आहे.

मग पहाटे, टायर थंड असताना हवा मोजा आणि दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरशी ताडून बघा. यार्डात उभ्या राहणाऱ्या नव्या गाड्यांमध्ये कधी कधी हवा जास्त भरून ठेवतात आणि डिलिव्हरीच्या वेळी ती कमी करायची राहून जाते. हवा बरोबर असेल तर पुढची दोन चाकं डावी-उजवी अदलाबदल करा, फक्त टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नाही ना ते बघून. आता गाडी उजवीकडे ओढायला लागली तर दोष टायरचा. टायरची वॉरंटी सहसा टायर कंपनीची वेगळी असते, तो दावा तिकडे लावायचा. ओढ डावीकडेच राहिली तर टायर सुटला, पुढे चला. वीसेक किलोमीटर, शक्य तितका कमी ब्रेक मारून चालवल्यावर पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात न लावता धग बघा. डावं चाक उजव्यापेक्षा स्पष्ट जास्त तापलेलं असेल तर त्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नाही. जोडीतला एक बैल आखडला की औत त्याच्याकडेच वळतं, तसं ते चाक गाडीला आपल्याकडे खेचतं.

आता मुख्य मुद्दा. अलाइनमेंट करूनही ओढ का जात नाही? कारण बहुतेक ठिकाणी अलाइनमेंट म्हणजे फक्त टो, म्हणजे वरून बघताना चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत, तेवढंच सेट करतात. पुढचा टो बिघडला तर टायर झिजतात, स्टेअरिंग वाकडं बसतं, पण गाडी सतत एका बाजूला ओढत नाही, कारण तो फरक चालताना दोन्ही चाकांत वाटला जातो. ओढ येते ती कास्टर आणि कॅम्बर दोन्ही बाजूंना सारखे नसल्यावर. कास्टर म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कल. ज्या बाजूला तो कमी, त्या बाजूला गाडी जाते. कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कल. ज्या चाकाचं डोकं बाहेर जास्त झुकलेलं, तिकडे ओढ. वळणानंतर स्टेअरिंग सरळ करण्याचं कामही मुख्यतः कास्टरच करतो. म्हणजे तुमची पहिली आणि तिसरी तक्रार एकाच जागी असू शकते. त्यामुळे अलाइनमेंटच्या आधीची आणि नंतरची, दोन्ही प्रिंट मागा. त्यात डावा-उजवा कास्टर आणि कॅम्बर लाल (मर्यादेबाहेर) दिसत असेल आणि त्यांनी फक्त टो हिरवा (मर्यादेत) करून दिला असेल, तर तोच तुमचा पुरावा. नव्या गाडीत हे आकडे बाहेर असतील तर काहीतरी वाकलंय किंवा चुकीचं बसलंय.

कास्टर ठीक निघाला तरी स्टेअरिंग परत येत नसेल, तर कुठेतरी जाम आहे: बॉल जॉइंट किंवा किंगपिन कोरडं, कॉलमखालचा क्रॉस जॉइंट घट्ट, स्टेअरिंग बॉक्स जास्त आवळलेला. इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग असेल तर सेन्सरचं शून्य स्कॅनरवर नव्याने सेट करावं लागू शकतं. हे सगळं वॉरंटीतलं काम आहे, स्वतः उघडू नका आणि बाहेरच्या मेस्त्रीलाही उघडू देऊ नका.

मागचा आसही (अ‍ॅक्सल) विसरू नका. पाट्याचा (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचा) सेंटर बोल्ट नीट बसला नसेल तर आस तिरका राहतो आणि गाडी तिरकी चालते. स्टेअरिंग सरळ ठेवून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. दोन-चार मिलिमीटर सोडून द्या, सेंटिमीटरभर फरक आला तर जॉब कार्डवर लिहायला लावा.

थरथर त्यामानाने सोपी. ठरावीक वेगालाच येत असेल तर चाकाचं बॅलन्सिंग. आपल्याकडची काळी माती रिमच्या आतून चिकटून वाळली की तेवढ्यानेही बॅलन्स जातो, म्हणून आधी रिम आतून धुवा. फक्त ब्रेक मारताना थरथरत असेल तर डिस्क बघायला सांगा.

माल भरल्यावर मागचा भाग बसतो आणि पुढचा उचलतो, म्हणून रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळचं वागणं वेगळं लिहून ठेवा. तूर-सोयाबीनची पोती मागच्या आसाच्याही मागे रचली तर पुढची चाकं हलकी होतात. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत जादा पाटे टाकू नका, वॉरंटी नाकारायला तेच पहिलं निमित्त होतं. आणि स्टेअरिंग अचानक ढिलं पडलं, खालून ठक्क असा आवाज आला किंवा पॉवर स्टेअरिंगचा दिवा लागून राहिला, तर भाडं सोडा, गाडी ओढून न्या. भाडं पुन्हा मिळतं.

सर्व्हिस सेंटरला गेल्यावर फोरमनला शेजारी बसवा आणि आधी सपाट जागी, मग ज्या रस्त्यावर, ज्या वेगाला त्रास होतो तिथे ट्रायल द्या. जॉब कार्डवर तुमचे शब्द लिहायला लावा: ‘सपाट जागी, रिकामी, डावीकडे ओढते. वळणानंतर परत येत नाही.’ प्रत घेतल्याशिवाय सही करू नका. ‘दोष आढळला नाही’ म्हणत असतील तर तेही लिहून घ्या. मग सगळ्या जॉब कार्डांच्या प्रती जोडून कंपनीला ईमेल करा, फोनवर बोललेलं मागे राहत नाही.

तरीही टाळलं तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, मग जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो, म्हणजे परभणीतच. पन्नास लाखांपर्यंतच्या किमतीची वस्तू जिल्हा आयोगाकडे येते, मुदत दोष उद्भवल्यापासून दोन वर्षं. समोरचा वकील हमखास म्हणेल की गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही. त्याला उत्तर कायद्यातच आहे: केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत. गाडी तुम्ही स्वतः चालवता आणि घर त्यावरच चालतं, हे अर्जात स्पष्ट लिहा. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग योग्य प्रयोगशाळेकडून तपासणी करवून घेऊ शकतो. तिथे तुमच्या अलाइनमेंटच्या प्रिंट उपयोगी पडतील.

सध्या एवढं करा: चाकं अदलाबदल केल्यावर काय झालं ते आणि शेवटच्या प्रिंटमधले दोन्ही बाजूंचे कास्टर-कॅम्बरचे आकडे इथे टाका. आकडे बघून पुढच्या जॉब कार्डवर नेमकं काय लिहायचं ते सांगतो.