कप घ्यावा का, विचारलंस म्हणून

प्रिय पोरी,

पाळीत पॅडऐवजी योनीत घालायचा तो सिलिकॉनचा कप (मेन्स्ट्रुअल कप) घ्यावा का, असं विचारलंस. घे. पण पहिले तीन महिने पॅडचं पाकीट कपाटातून हलवू नकोस, आणि पहिला प्रयोग कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्या कॉटबेसिसच्या खोलीवर करू नकोस. सुट्टीला गावी जाशील तेव्हा घरच्या मोरीत कडी लावून, घाई नसताना कर. आठ मुलींत एक संडास आणि बाहेरून कुणीतरी दार वाजवतंय, अशा वेळी अंग आवळतं. आवळलेल्या अंगात कप जात नाही, गेला तर उघडत नाही. कित्येकींचा कप पहिल्याच दिवशी डब्यात पडून राहतो तो यामुळे.

आधी पैशाचं बघू. दुकानातला पॅड सात-आठ रुपयांना धर, पाळीला पंधरा लागले तर महिन्याला शंभर-सव्वाशे झाले. कप साधारण तीनशे ते पाचशेत येतो आणि नीट ठेवला तर बरीच वर्षं चालतो. पाच महिन्यांत पैसे फिटले. पण जनऔषधी केंद्रातला 'सुविधा' पॅड एक रुपयाला एक पडतो. तो वापरणारीला चारशेचा कप वसूल व्हायला दोन वर्षांहून जास्त लागतील. तेव्हा निव्वळ बचतीसाठी कप घेऊ नकोस. तुझं कारण वेगळं आहे : गोकुळ शिरगावला आठ तासांची शिफ्ट, वर जाण्या-येण्याचा तास. पॅड चार-सहा तासांनी बदलायलाच हवा, कप रक्तस्राव बेताचा असेल तर आठ तास सहज राहतो. बाराच्या वर मात्र कधीच नाही.

साइज निवडताना पाकिटावरच्या वयाच्या तक्त्यावर विसंबू नकोस. पाळी चालू असताना हात धुऊन तर्जनी आत घाल. नाकाच्या शेंड्यासारखं टणक-मऊ लागेल ते गर्भाशयाचं मुख. बोटाचं एकच पेर आत जाऊन ते लागलं तर आखूड कप घे, पूर्ण बोट जाऊनही लागलं नाही तर लांबीचा. पहिल्यांदा घेताना छोटाच बरा. वैद्यकीय दर्जाचं सिलिकॉन आहे ना, तेवढं वाचून घे.

आता घालायचं कसं. उकिडवी बस. कप पाण्यानं ओला कर. कडेचा एक बिंदू बोटानं आत तळापर्यंत दाब, वरचं टोक निमुळतं होतं, ते दोन बोटांत घट्ट धर. दिशा वर डोक्याकडे नको, मागे माकडहाडाकडे. आत गेल्यावर घडी सोड, मग तळाशी बोट फिरवून बघ. सगळीकडून गोल लागला म्हणजे उघडला. कुठे खळगा लागला तर घडी अजून मिटलेलीच आहे, आणि डाग तिथूनच पडणार. तळ चिमटीत धरून थोडा फिरव, उघडतो. कड गोल असूनही गळत असेल तर गर्भाशयाचं मुख कपाच्या बाहेर राहिलंय. काढून पुन्हा घाल. कडेखालची बारीक भोकं बुजली की पकडच बसत नाही. कप पाण्यानं भरून, उलटा तळहातावर दाबून पिळला की त्यांतून पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या पाहिजेत.

काढताना कपाच्या तळाचं देठ ओढू नकोस. देठ फक्त वाट दाखवायला आहे. कुंथून कप खाली आण, तळ चिमटीत दाब, पकड सुटते, मग हलवत काढ. हाताला लागत नाही म्हणून घाबरू नकोस. तो पोटात जात नाही, पुढे रस्ताच नाही. अर्धा तास थांब, पुन्हा उकिडवी बस. तरीही निघाला नाही तर सरळ डॉक्टरांकडे जा, लाजू नकोस. कौमार्याची भीती कुणी घातली तर एवढंच सांग : योनीच्या तोंडाशी असलेला तो पडदा ताणला किंवा फाटला जाऊ शकतो, त्यावरून कुणाचं चारित्र्य ठरत नाही.

पूर्ण पाळीत रक्त साधारण तीस-चाळीस मिली जातं, सहा-आठ चहाचे चमचे. पंचवीस मिलीचा कप दर दोन-तीन तासांनी भरत असेल तर तपासणी करून घे, हिमोग्लोबिन बघ. पॅडवर हे मोजता येत नाही, कपावर येतं. मला तर हाच त्याचा मोठा गुण वाटतो.

पाळी संपली की वेगळ्या पातेल्यात भरपूर पाण्यात पाच मिनिटं उकळ, तळाला टेकू देऊ नकोस. मधल्या दिवसांत साधा, बिनवासाचा साबण आणि स्वच्छ पाणी पुरे. डेटॉल नको, व्हिनेगर नको. वाळल्यावर सुती पिशवीत ठेव, हवाबंद डबीत नाही. तांबी बसवलेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कप वापरू नकोस, कारण कप काढताना तांबीही ओढली जाऊ शकते. कप आत असताना अचानक जोरात ताप, उलट्या, अंगावर पुरळ, चक्कर आली तर कप काढून लगेच सीपीआरला, त्या सरकारी दवाखान्यात, जा आणि कप वापरते, हे तिथे आपणहून सांग. असं फार क्वचित होतं, पण वेळ घालवायची नाही.

पॅड वापरशील त्या दिवशी तो कागदात गुंडाळून वेगळा, ओळखू येईल असा दे. संडासात टाकलास तर आतला जेल पाणी शोषून फुगतो आणि अख्ख्या वाड्याची पाइप तुंबते. कचऱ्याच्या टिपरवरच्या माणसाला हातानं उघडावा लागू नये, एवढं लक्षात ठेव.

आणि पावसाळ्यात, कप कितीही सरावाचा झाला तरी, दोन पाकिटं पॅड प्लॅस्टिकच्या पिशवीत वरच्या फळीवर ठेव. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहराचे पाण्याचे पंपच बुडाले होते, नळ दिवसचे दिवस कोरडे. हात धुवायला स्वच्छ पाणी नसेल त्या दिवशी कप वापरायचा नाही.

तुझी,
मावशी