सिगटर्म आल्यावर काय करायचं? सी प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरे

प्रश्न: सिगटर्म (प्रोसेसला बंद व्हायला सांगणारा सिग्नल) आला की माझा हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन) प्रिंटएफने लॉगमध्ये एक ओळ लिहितो, थोडी मेमरी फ्री करतो आणि एक्झिट कॉल करतो. टेस्टिंगमध्ये कधीच काही झालं नाही, पण प्रॉडक्शनवर अधूनमधून प्रोसेस लटकते. असं का?

सिग्नल तुमची सोय बघून येत नाही. तुमचा कोड मेमरी मागणाऱ्या मॅलॉकच्या आत आहे, हीपचं (मेमरीच्या साठ्याचं) कुलूप त्याच्या हातात आहे, आणि नेमका तेव्हाच सिगटर्म आला. हँडलर त्याच थ्रेडवर चालू होतो, फ्री कॉल करतो आणि तेच कुलूप मागतो. कुलूप ज्याच्याकडे आहे तो कोड हँडलर संपेपर्यंत पुढे सरकणार नाही, आणि हँडलर कुलूप मिळेपर्यंत संपणार नाही. टेस्टिंगमध्ये लोड कमी असतो, त्यामुळे ही वेळ जुळत नाही, एवढंच.

पॉझिक्स या युनिक्स-मानकात हँडलरमधून बिनधास्त कॉल करता येणाऱ्या फंक्शनांची यादीच दिली आहे. राइट, किल आणि अंडरस्कोर-एक्झिट (बाकी आवराआवर न करता प्रोसेस लगेच संपवणारं) त्या यादीत आहेत. प्रिंटएफ, मॅलॉक, फ्री, सिसलॉग (सिस्टिमच्या लॉगमध्ये लिहिणारं) नाहीत, आणि साधं एक्झिटही नाही, कारण ते अ‍ॅटएक्झिटला नोंदवलेली सगळी फंक्शनं चालवतं आणि फाइलींचे बफर रिकामे करतं.

‘फार तर लटकेल’ असं वाटत असेल तर जुलै २०२४ मधला ओपनएसएसएचचा (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या प्रोग्रामचा) किस्सा बघा. १२० सेकंदांत लॉगिन झालं नाही की सर्व्हरला सिगअलार्म (वेळ संपल्याचा सिग्नल) यायचा आणि हँडलर सिसलॉग कॉल करायचा. जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीमधलं सिसलॉग आतून मॅलॉक वापरतं. हीप अर्धवट बदललेला असताना हा अलार्म गाठला, तर लॉगिन न करताच रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून कोड चालवता येतो, हे क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी ३२-बिट लिनक्सवर करून दाखवलं. हीच चूक २००६ मध्ये दुरुस्त झालेली होती, ८.५ आवृत्तीत तिला रोखणारा भाग निघून गेला आणि ती परत आली. ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम मात्र सुटली, कारण तिथला हँडलर सिसलॉगचा खास सिग्नलसाठी सुरक्षित केलेला प्रकार वापरतो.

म्हणून हँडलरला काम एकच द्या: निरोप ठेवणं. व्होलाटाइल सिग-अ‍ॅटॉमिक-टी प्रकारचा एखादा फ्लॅग वर करा, किंवा पाइपमध्ये एक बाइट लिहा. राइट वापरलंत तर एररनो (शेवटच्या एररचा क्रमांक) आधी जपून ठेवा आणि जाताना परत भरा. हे बहुतेक जण विसरतात. बाकीची आवराआवर मुख्य लूपमध्ये.

प्रश्न: प्रोग्राममध्ये आठ थ्रेड आहेत. सिग्नल नक्की कोणाला मिळतो?

सिगसेग्व्हीसारखा (चुकीच्या मेमरीला हात लावल्यावर येणारा) सिग्नल ज्या थ्रेडने घोळ घातला त्यालाच मिळतो. प्रोसेसला बाहेरून पाठवलेला सिगटर्म मात्र तो ब्लॉक न केलेल्या कुठल्याही एका थ्रेडला मिळू शकतो. हे नशिबावर सोडू नका. मेनमध्ये, एकही थ्रेड तयार करण्यापूर्वी, सिगटर्म आणि सिगइंट (कंट्रोल-सीचा सिग्नल) पीथ्रेड-सिगमास्कने ब्लॉक करा. नवे थ्रेड हाच मास्क (ब्लॉक केलेल्या सिग्नलांची यादी) वारशाने घेतात. मग एक थ्रेड फक्त सिगवेटवर (सिग्नलची वाट पाहणाऱ्या फंक्शनवर) बसवा. सिगवेट परतलं की तुम्ही हँडलरमध्ये नसता, साध्या कोडमध्ये असता. तिथे प्रिंटएफ, म्यूटेक्स, सगळं चालतं. माझ्या मते थ्रेड असलेल्या सर्व्हरसाठी दुसरी पद्धत शोधायची गरजच नाही.

लायब्ररी लिहिणाऱ्यांनी एक करावं: स्वतःचा थ्रेड तयार करण्यापूर्वी बाहेरून येणारे सिग्नल ब्लॉक करावेत आणि तयार झाल्यावर जुना मास्क परत लावावा. नाहीतर अ‍ॅप्लिकेशनचा सिगटर्म तुमच्या थ्रेडवर येऊन आदळतो.

प्रश्न: दोन थ्रेडनी एकदम एक्झिट कॉल केलं तर?

सी स्टँडर्डनुसार एक्झिट दोनदा कॉल केलं तर काय होईल याची हमी नव्हती. जीलिबसी २.४१ पासून पहिला थ्रेड काम करतो आणि बाकीचे तिथेच अडकून राहतात. पण खरी डोकेदुखी वेगळी आहे. जे थ्रेड एक्झिट कॉलच करत नाहीत ते चालूच राहतात, आणि अ‍ॅटएक्झिटची फंक्शनं त्यांच्या पायाखालचा ग्लोबल डेटा मोडत असतात. ‘काम सगळं नीट झालं, पण बंद होताना क्रॅश’ अशा तक्रारींमागे बऱ्याचदा हेच असतं. आधी थ्रेड जॉइन करा, म्हणजे ते संपेपर्यंत थांबा. ते जमत नसेल तर हवे ते बफर एफफ्लशने रिकामे करून अंडरस्कोर-एक्झिटने निघा. लिनक्सवर ते सगळे थ्रेड एकदम संपवतं.

प्रश्न: माझ्या लायब्ररीत सावरता न येणारी एरर आली तर एक्झिट करू का?

नाही. एरर कोड परत द्या; प्रोसेस तुमची नाही. पोस्टग्रेस डेटाबेसच्या लिबपीक्यू या लायब्ररीचं बिल्ड तर लायब्ररीत एक्झिटचा कॉल शिरला आहे का हेही तपासतं. सिगपाइपचंही (समोरून बंद झालेल्या कनेक्शनवर लिहिल्यावर येणाऱ्या सिग्नलचंही) तेच: अ‍ॅप्लिकेशनचा हँडलर बदलण्यापेक्षा सेंडला एमएसजी-नोसिग्नल द्या.

प्रश्न: डॉकर स्टॉपला दर वेळी दहा सेकंद लागतात आणि एक्झिट कोड १३७ दिसतो.

१३७ म्हणजे १२८ अधिक ९, म्हणजे सिगकिल, अडवता न येणारा सिग्नल. कंटेनरमध्ये तुमची प्रोसेस पीआयडी १, म्हणजे पहिली प्रोसेस, असते, आणि पीआयडी १ ला सिगटर्मची ठरावीक कृती लागू होत नाही; हँडलर लावला नसेल तर सिग्नल नुसता वाया जातो. दहा सेकंद वाट पाहून डॉकर सिगकिल मारतो. सुरुवातीची कमांड शेलमधून चालत असेल तर सिगटर्म शेललाच मिळतो आणि तुमच्यापर्यंत पोचत नाही. कमांड थेट द्या, आणि सिगटर्म स्वतः हाताळा किंवा डॉकर रनला इनिटचा (सिग्नल पुढे पोचवणाऱ्या छोट्या पहिल्या प्रोसेसचा) पर्याय जोडा.