'चित्रफीत' म्हणजे फिल्म की टेप?

प्रश्न असा आहे: जुन्या अमेरिकी विनोदी मालिकांवरच्या लेखाचं भाषांतर करताना 'फिल्म्ड' आणि 'टेप्ड' असे दोन शब्द येतात. दोन्हींना 'चित्रित' म्हटलं तर चालेल का? आणि यातली 'चित्रफीत' कोणती?

एरवी चाललं असतं. पण या मालिका हा फरक स्वतःच प्रेक्षकांना ऐकवत: हा कार्यक्रम 'लाइव्ह ऑडियन्स'समोर फिल्मवर किंवा टेपवर घेतलाय, असं निवेदन त्यात असे. १९७१ साली सुरू झालेली 'ऑल इन द फॅमिली' आपण टेपवर असल्याचं सांगे, 'चिअर्स' फिल्मवर असल्याचं. (त्या निवेदनातलं 'लाइव्ह ऑडियन्स' मात्र 'जिवंत प्रेक्षक' करू नका. 'प्रेक्षकांसमोर' पुरे; प्रेक्षक जिवंत असतात हे गृहीत आहे.)

फरक नुसता तांत्रिक नव्हता, डोळ्यांना कळे. फिल्मवर सेकंदाला २४ चित्रं. अमेरिकी टेपवर सुमारे ६० वेळा चित्र टिपलं जाई, म्हणून हालचाल समोर घडतेय अशी सलग वाटे. फिल्म धुवावी लागे, शिवाय महाग. टेप लगेच बघता येई आणि पुसून पुन्हा वापरता येई. या सोयीपायी बीबीसीने 'डॅड्स आर्मी' या आपल्या विनोदी मालिकेचे काही भाग गमावले. उलट 'आय लव्ह लुसी' ही अमेरिकी मालिका १९५१पासून तीन कॅमेऱ्यांनी ३५ मिमी फिल्मवर घेतली गेली, म्हणून ती आजही स्वच्छ दिसते. तेव्हा व्हिडिओटेप नव्हतीच, ती आली १९५६मध्ये. फिल्म नको तर कार्यक्रम थेट प्रक्षेपित करायचा आणि टीव्हीच्या पडद्यावरचं चित्र फिल्मवर उतरवून ठेवायचं, एवढाच मार्ग होता, आणि ते चित्र धुरकट येई.

आता शब्द. 'फीत' पोर्तुगीज 'फिता'वरून आली. उद्घाटनाला कापतात तीच. 'ध्वनिफीत' म्हटलं की आपल्याला कॅसेट आठवते, आणि 'चित्रफीत' तिचीच धाकटी बहीण. म्हणून माझ्या मते चित्रफीत म्हणजे टेप. फिल्म हीसुद्धा लांबलचक फीतच, पण तिच्यासाठी मराठीने 'रीळ' धरलं.

तुमच्या लेखात मी 'फिल्मवर चित्रित' आणि 'टेपवर मुद्रित' असं लिहीन. 'ध्वनिमुद्रण' रुळलेलं असल्याने 'मुद्रित' कानाला खटकत नाही. 'ध्वनिचित्रमुद्रित' बरोबर आहे, पण तो वाचेपर्यंत मालिका संपेल. एकट्या 'चित्रफिती'वरही विसंबू नका: आता वर्तमानपत्रं मोबाइलवरच्या क्लिपलाही चित्रफीतच म्हणतात, तेव्हा पहिल्या उल्लेखात सरळ 'व्हिडिओटेप' लिहा.