भावाच्या जामिनासाठी कोर्टात १५,००० रुपये रोख भरले होते. तो निर्दोष सुटला. पैसे परत कसे मिळवायचे? वकील म्हणतात, ते विसरा.

विसरू नका. रोख जामीन ही फी नाही आणि दंडही नाही. आरोपी तारखांना हजर राहील याची ती अनामत असते. मध्ये कधी जामीन जप्त झाला नसेल तर पूर्ण रक्कम परत मिळते. अगदी शिक्षा झाली असती तरी मिळाली असती, दंड वेगळा भरावा लागला असता एवढंच. मात्र ती आपोआप खात्यात येत नाही, अर्ज करावा लागतो. व्याजाची आशा धरू नका.

आधी मूळ पावती शोधा. तिच्यावर केस नंबर, रक्कम, तारीख आणि भरणाऱ्याचं नाव असतं, आणि पैसे निघतात ते त्याच नावावर. खिसा तुमचा, पण रांगेत वकिलांचा कारकून उभा होता आणि पावती त्याच्या नावाने फाटली, असं सर्रास होतं. मग त्याची संमती आणि प्रतिज्ञापत्र मिळवणं आलं. पावती हरवली असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद करा, प्रतिज्ञापत्र जोडा आणि नाझरच्या (कोर्टातल्या पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) रजिस्टरातली नोंद दाखवून मागा.

पैसे नेमके कुठल्या कोर्टात आहेत तेही पावतीवरूनच कळतं. जामीन हायकोर्टाने दिला तरी रक्कम बहुधा खालच्या कोर्टात भरलेली असते. मॅजिस्ट्रेटकडे भरली आणि केस पुढे सेशनला गेली, तर निकाल एका इमारतीत आणि पैसे दुसऱ्या इमारतीत, अशी गत होते. दोन्ही टेबलांवर विचारा.

निकालाची प्रमाणित प्रत काढून शेवटचा आदेशाचा भाग नीट वाचा. तिथे 'अपिलाची मुदत संपल्यावर' असे शब्द असतील तर तोवर थांबावं लागेल. शिवाय वरच्या कोर्टात हजर राहण्याचा सहा महिन्यांचा बाँड घेतला जातो (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ४३७-अ, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं ४८१). तुमची रोख त्याच बाँडपोटी ठेवली असेल तर सहा महिने जाऊ द्या. अर्ज साधाच असतो: रक्कम परत मिळावी, सोबत मूळ पावती, निकालाची प्रत, ओळखपत्र, पासबुकाची झेरॉक्स किंवा रद्द केलेला चेक. न्यायाधीशांचा आदेश झाला की तो नाझरकडे जातो. कागद अडकतात ते बहुतेक इथेच, त्यामुळे पाठपुरावा करा.

जामिनाचा मूळ आदेशही काढून बघा. आपल्याकडे अनेकदा 'चार आठवड्यांसाठी तात्पुरता रोख जामीन, त्यानंतर जामीनदार द्यावा' असं असतं. नंतर जामीनदार दिला असेल तर ही रक्कम तेव्हाच काढता आली असती, निकालाची वाट पाहायची गरजच नव्हती. वकील मंडळी हे सांगायला विसरतात.

अडचण येते ती गैरहजेरीची. भाऊ एखाद्या तारखेला गेला नाही, वॉरंट निघालं, पुढे ते रद्द करून घेतलं, म्हणजे विषय मिटला असं नाही. बाँड जप्त झाल्याचा आदेश वेगळा असू शकतो. रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं याची नोंद, तपासा. जप्ती झाली असेल तरी कलम ४९१ (जुनं ४४६) खाली कारण दाखवून रकमेचा काही भाग माफ करून मागता येतो. आजारपणाचे कागद असतील तर जोडा.

भाड्याच्या जामीनदाराला किंवा दलालाला काही दिलं असेल तर ते मात्र गेलंच. त्याची कोर्टात नोंदही नसते. अस्सल जामीनदार फक्त ऐपतीचे कागद दाखवतो, कोर्टात पैसे भरत नाही.

उशीर करू नका. वर्षानुवर्षं कोणी न मागितलेली अनामत सरकारजमा होते. तीही मागता येते, पण मंजुरीसाठी कागदांचा एक जादा फेरा होतो.