युद्धात समुद्रावर पडलेली विमानं आणि त्यांतले वैमानिक सापडत का नाहीत?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. युद्धात समुद्रावर पडलेली लष्करी विमानं पन्नास-ऐंशी वर्षांनीही सापडत नाहीत, ती समुद्राच्या खोलीमुळेच ना? आणि अशा वैमानिकांच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं आशा धरून बसणं कितपत शहाणपणाचं?

खोली हे कारण माझ्या मते बरंच मागे येतं. विमान नेमकं कुठे पडलं हे कुणी पाहिलं का, आणि पाहिलेलं कुठे लिहून ठेवलं का, यावर जवळजवळ सगळं ठरतं. आपल्याच समुद्रातलं उदाहरण घेऊन सांगतो.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, नौदलाचं एक अलिझे विमान पाकिस्तानच्या एफ-१०४ स्टारफायटरने अरबी समुद्रावर पाडलं, याची मात्र फारशी चर्चा होत नाही. विमानात तिघं होते, त्यांचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय. तिघांपैकी कुणाचाच ठावठिकाणा लागला नाही.

अलिझे हे फ्रेंच बनावटीचं, एका टर्बोप्रॉप इंजिनाचं, पाणबुड्या शोधणारं विमान. नौदलाची ३१० क्रमांकाची 'कोब्रा' स्क्वाड्रन ती उडवायची. ही विमानं खरं तर 'विक्रांत' या विमानवाहू नौकेसाठी घेतलेली, पण १९७१ मध्ये विक्रांत बंगालच्या उपसागरात होती आणि पश्चिमेकडची अलिझे किनाऱ्यावरच्या तळांवरून उडत होती. गोव्यात बोगमाळोला नौदलाच्या विमानांचं संग्रहालय आहे, तिथे एक अलिझे उभं आहे. गेलात तर त्याच्याजवळ थोडा वेळ थांबा. केवढंसं विमान आहे ते! पोटातून खाली उतरणारा रडारचा घुमट, आत तीन माणसांपुरती जागा. ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास त्याचा कमाल वेग. पाणबुडीचा पेरिस्कोप किंवा हवा घ्यायला वर काढलेली नळी हुडकायची म्हणजे खालून, संथपणे, लाटांवर नजर ठेवून उडावं लागतं. वरून येणाऱ्या लढाऊ विमानाशी झुंजायला त्याच्याकडे काही नव्हतं, आणि स्टारफायटरचा वेग आवाजाच्या दुप्पट. सोबतीला आपली लढाऊ विमानं नसतील तर अशा गाठीचा निकाल ठरलेलाच. त्या तिघांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. ठाऊक असूनही ते गेले, आणि तरी त्यांच्याविषयी इतकं कमी बोललं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता खोलीकडे वळू. गुजरात आणि मुंबईसमोरचा समुद्र म्हणजे भारताच्या किनाऱ्यावरची सगळ्यांत रुंद सागरी मग्नभूमी, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ तळ. मुंबई हायची तेलविहीर किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे, तरी तिथलं पाणी जेमतेम ७५ मीटर खोल. कच्छचं आखात त्याहून उथळ. म्हणजे खोलीचाच प्रश्न असता तर या भागातलं विमान केव्हाच हाती लागायला हवं होतं.

याच्या उलट दुसरं उदाहरण पाहा. ते युद्धातलं नाही, पण मुद्द्याला धरून आहे. २२ जुलै २०१६ ला हवाई दलाचं एएन-३२ विमान तांबरमहून पोर्ट ब्लेअरला जाताना बंगालच्या उपसागरावर २९ जणांसह नाहीसं झालं. जानेवारी २०२४ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणयानाने ३,४०० मीटर खोलीवरच्या अवशेषांची छायाचित्रं आणली आणि ते हेच विमान असल्याचं जाहीर झालं. साडेतीन किलोमीटर खोल पाण्यातलं सापडू शकलं, कारण त्याची शेवटची जागा रडारवर नोंदलेली होती. शोध कुठून सुरू करायचा हे माहीत होतं.

युद्धात नेमकी हीच नोंद हरवते. विमानं रेडिओ बंद ठेवून उडतात, कारण बोललं की शत्रूला जागा कळते. दुसऱ्या महायुद्धात तर नेव्हिगेटर घड्याळ, होकायंत्र आणि वाऱ्याचा अंदाज यांवर नकाशावर रेघ ओढायचा. वाऱ्याचा अंदाज थोडा चुकला तरी दोन-तीन तासांत विमान मूळ रेघेपासून कितीतरी किलोमीटर बाजूला गेलेलं असायचं. एकटं विमान पडलं तर उरते फक्त ठरलेला मार्ग आणि न परतल्याची वेळ. त्यातून शोधायचं क्षेत्र निघतं ते हजारो चौरस किलोमीटरचं. शिवाय जिथे विमान पडलं तिथे शत्रू असतोच. १० डिसेंबरला त्या समुद्रात हंगोर अजून फिरत होती, आपली जहाजं तिच्या मागावर होती. अशा वेळी निवांत शोधमोहीम कशी काढणार?

त्यानंतर समुद्र आपलं काम करतो. वेगाने आदळलेल्या विमानाचे बारीक तुकडे होतात. ॲल्युमिनियमचा पत्रा खाऱ्या पाण्यात कुजत जातो, त्यावर शिंपले आणि शेवाळ चढतं. कच्छच्या आखातात भरती-ओहोटीचा जोर प्रचंड, पाणी गढूळ, गाळ सतत हलता. त्यात पन्नास वर्षं ट्रॉलरची जाळी तळावरून घासत गेलेली. अमेरिकेच्या आकडेवारीनुसार दुसऱ्या महायुद्धापासूनच्या युद्धांतले त्यांचे सुमारे ८१ हजार सैनिक अजून बेपत्ता आहेत आणि त्यांतले निम्मे, साधारण ४१ हजार, समुद्रात गेले असं मानलं जातं. त्यांत जहाजांवरचेही आले, तरी आवाका लक्षात यावा.

उलट, नोंद असेल तर किती फरक पडतो बघा. ११ मार्च १९४४ ला न्यू गिनीच्या हान्सा उपसागरात एक अमेरिकी बी-२४ बॉम्बर ११ जणांसह पडलं. शेजारून उडणाऱ्या विमानांतल्या माणसांनी ते पडताना पाहिलं होतं आणि तसे जबाब दिले होते. अमेरिकी हवाई दलात १९४३ पासून हरवलेल्या प्रत्येक विमानासाठी एक फॉर्म भरायची सक्ती होती. कुणी कुठे शेवटचं पाहिलं, हवामान काय होतं, हे सगळं त्यात यायचं. त्या बी-२४ मधल्या एका हवाई सैनिकाच्या नातेवाइकाने कित्येक वर्षांनी हे कागद आणि जुन्या आठवणी गोळा केल्या. २०१७ मध्ये संशोधकांना विमान सापडलं, २०२३ मध्ये नौदलाचे पाणबुडे साठेक मीटर खाली उतरले आणि आतापर्यंत चौघांची ओळख पटली आहे. कागद नीट ठेवले म्हणून ती माणसं घरी आली.

जिवंत माणसाच्या बाबतीतही जागेची माहितीच तारते. पॅसिफिकमध्ये अमेरिकी नौदल हवाई हल्ल्यांच्या वेळी ठरलेल्या जागी पाणबुड्या उभ्या करायचं आणि वैमानिकांना ती जागा आधीच सांगून ठेवायचं. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉर्ज बुश (थोरले) २ सप्टेंबर १९४४ ला चिचिजिमाजवळ असेच पाडले गेले आणि 'फिनबॅक' पाणबुडीने त्यांना उचललं. त्यांच्या विमानातले दोघे सोबती मात्र वाचले नाहीत. युद्धभरात अमेरिकी पाणबुड्यांनी अशा पाचशेहून जास्त जणांना पाण्यातून काढलं.

अशी सोय नसली की काय होतं? लुई झांपेरिनी हा १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर धावलेला खेळाडू. २७ मे १९४३ ला तो दुसऱ्या एका हरवलेल्या विमानाच्या शोधाला निघालेल्या बी-२४ मध्ये होता आणि तेच विमान समुद्रात कोसळलं. अकरांपैकी तिघे वाचून रबरी तराफ्यावर चढले. शोधणारी विमानं त्यांच्या डोक्यावरून गेली, पण वरून त्यांना कुणी पाहिलं नाही. लाटांच्या फेसात तो तराफा म्हणजे ज्वारीच्या रानात पडलेलं बटण. ४७ दिवस वाहत ते मार्शल बेटांना लागले तेव्हा दोघेच उरले होते, आणि जपान्यांच्या कैदेत गेले. अमेरिकेने झांपेरिनीला मृत घोषित केलं, घरी सांत्वनपत्र गेलं. १९४५ मध्ये तो जिवंत परत आला.

हिंदी महासागरातली गोष्टही अशीच. ४ एप्रिल १९४२ ला कॅनडाचे लिओनार्ड बर्चॉल यांच्या कॅटालिना विमानाला श्रीलंकेच्या दक्षिणेला जपानचं आरमार दिसलं. रेडिओवर इशारा पाठवता पाठवताच जपानी लढाऊ विमानांनी कॅटालिना पाडलं. नऊपैकी सहा वाचले, त्यांना जपानी जहाजाने उचललं, आणि बर्चॉल युद्ध संपेपर्यंत कैदेत होते.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नातला सूर मला पटत नाही. शत्रूच्या जहाजाने उचललं असेल, कैदेत असेल, नाव कळवलं नसेल, हे सगळं खरोखर घडलेलं आहे. आई किंवा बायको त्यावर विश्वास ठेवते तेव्हा ती भ्रमात नसते. १९७१ च्या बेपत्ता ५४ जणांच्या यादीत अशोक रॉय यांचं नाव आहे. त्याच यादीत फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे आहेत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या अर्जुन पुरस्कार मिळालेल्या बॅडमिंटनपटू. तांबे जमिनीवर पाडले गेले, आणि पकडलेल्या वैमानिकांच्या बातमीत त्यांच्या नावाशी जुळणारं नाव ढाक्याच्या एका वर्तमानपत्रात छापून आलं होतं. त्या धाग्यावर दमयंतीताई आयुष्यभर लढल्या. १९८३ आणि २००७ मध्ये या कुटुंबांना पाकिस्तानातले तुरुंग पाहू दिले गेले, हाती काही आलं नाही. समुद्रावर गेलेल्यांच्या घरच्यांना तर इतकाही धागा मिळत नाही.

हे दुःख सीमेच्या एकाच बाजूला नाही. १२ डिसेंबर १९७१ ला जामनगरवर आलेल्या एका स्टारफायटरला आपल्या ४७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांनी मिग-२१ मधून कच्छच्या आखातावर पाडलं. त्यात पाकिस्तानचे विंग कमांडर मर्विन मिडलकोट होते. सोनींनी त्यांना विमानातून बाहेर पडताना पाहिलं आणि तळाला कळवलं. मिडलकोट सापडले नाहीत. पाडणाऱ्यानेच वाचवायला माणसं पाठवा म्हणून सांगावं, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात फार मोलाची वाटते.

आता शोध घेता येईल का? माझ्या मते येईल, निदान रॉय यांचं अलिझे आणि मिडलकोट यांचं स्टारफायटर या दोन विमानांचा. पाणी उथळ आहे आणि तळ धुंडाळणारी सोनार यंत्रं आपल्याच संस्थांकडे आहेत. अडचण कागदांची आहे. पाडणाऱ्या वैमानिकाने परतल्यावर दिलेला अहवाल, दोन्हीकडच्या रडार केंद्रांच्या नोंदी, त्या दिवशीच्या भरतीचं कोष्टक आणि वेरावळ, ओखा, जखाऊच्या मच्छिमारांच्या जाळ्यांत कुठे पत्रे अडकतात याची माहिती, हे एकत्र ठेवायला हवं. यातला अर्धा भाग कराचीकडे आहे आणि अर्धा आपल्याकडे. दोन्ही नौदलांच्या निवृत्त अधिकाऱ्यांनी आपापल्या बाजूची लॉगबुकं उघडली तरी सुरुवात होईल.