जखमी हरिण दिसलं तर त्याला मारून सोडवावं का?
नाही, मारू नका. इंदूरजवळच्या रालामंडल अभयारण्याच्या बाजूला तडफडणारं चितळ दिसलं तर संपवून मोकळं करावं का, असं तुम्ही विचारलंय. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे. बरं न होण्याइतकं जखमी किंवा रोगी जनावरही वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय मारता येत नाही. वनखात्याला कळवा, कुत्री हाकला आणि लांब उभे राहा. कुत्र्यांनी फाडलेलं एक पाडस मी जवळून पाहिलंय. मांडी रक्ताने माखलेली, नाकपुड्या थरथरत होत्या आणि लोक मात्र बाटलीने पाणी पाजायला झोंबत होते. असं करू नका हो! जखम साधी असली तरी धरपकडीच्या धसक्याने हरिण दगावू शकतं. तोंडातून लाळ, फेस येत असेल तर हातच लावू नका, रेबीज असू शकतो.