सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी वॉकर तयार करताना सुरुवात कशापासून करावी?

यांत्रिकी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी असा वॉकर करायचा आहे, तेव्हा आधी सांगाडा हलका करावा की सेन्सर बसवावेत, असे आपण विचारले आहे. अशी साधने मी काही वर्षे तयार करतो आहे, आणि माझे मत असे की आधी मूल ठरवावे व त्यानंतर मागच्या चाकांकडे वळावे.

सेरेब्रल पाल्सीत मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे स्नायूंवरचा ताबा व हालचाल बिघडते. या मुलांच्या हालचालींच्या क्षमतेचे पाच स्तर सांगणारे जीएमएफसीएस हे वर्गीकरण रॉबर्ट पॅलिसानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडले. तिसऱ्या स्तरावरचे मूल हाताने धरायच्या साधनाच्या आधाराने चालते, तर चौथ्या स्तरावरच्या मुलाला चालण्यासाठी बहुधा धड व ओटीपोट सावरणारा आधार लागतो. दोघांना पुरेल असा एकच सांगाडा करायला जाऊ नये; आपण तिसरा स्तर निवडावा.

यांतील अनेक मुलांचे गुडघे व कंबर चालताना मुळातच वाकलेली असतात. समोर ढकलायच्या वॉकरवर असे मूल रेलते आणि वाक आणखी वाढतो. म्हणून मुलाच्या पाठीमागून वळसा घेणारा, पुढून मोकळा आणि मुलाने आपल्यामागे ओढत न्यायचा पोस्टिरिअर वॉकर अनेकदा अधिक उपयोगी पडतो, कारण त्यात मुठी शरीराच्या दोन्ही बाजूंना येतात आणि धड सरळ ठेवायला मदत होते. मात्र मूल मागे झुकले की हाच वॉकर मागे सरकून त्याला पाडू शकतो. त्यासाठी मागची चाके फक्त पुढेच फिरतील अशी खीळ लागते, आणि ती झिजल्यावर काय होईल याचा विचार पहिल्याच आराखड्यात व्हायला हवा.

माझा पहिला नमुना ॲल्युमिनियमचा आणि फार हलका होता. स्नायू अचानक ताठरले की मुलाच्या हाताच्या हिसक्यासरशी त्याची एक बाजू उचलली जाई. मागच्या चाकांमधले अंतर वाढवल्यावर तो स्थिरावला, पण रुंदी घराच्या दारात अडकू लागली, आणि ते दार मी आधी मोजलेले नव्हते. आपण दार, उंबरठा आणि शौचालयापर्यंतची वाट मोजून घ्यावी. घडी घातलेला वॉकर एका हातात आणि मूल कडेवर घेऊन आईला जिना चढता येतो का, हेही पाहावे.

मुठीची उंची कोपर १५ ते ३० अंशांत वाकेल अशी ठेवावी, आणि मूल वाढते म्हणून ती बदलता यावी. चालताना पाय एकमेकांवर येणाऱ्या मुलांच्या टाचा मागच्या आडव्या नळीला लागणार नाहीत, एवढी जागा सोडावी. ही मापे फिजिओथेरपिस्टच्या उपस्थितीत, मुलाला त्याचे नेहमीचे स्प्लिंट व बूट घालूनच घ्यावीत, कारण त्यांनी उभे राहण्याची उंची आणि ढब दोन्ही बदलतात. सेन्सरचा विचार त्यानंतर करावा.